थांबलेलं पाणी: खाडीच्या पाण्यावरचा हीट एक्स्चेंजर हायपोशिवाय चालवण्याच्या नोंदी (जून २०२४ ते मे २०२५)

आमची बर्फ फॅक्टरी कोकणातल्या वाघोटन खाडीच्या तोंडाजवळ आहे. दिवसाला दीडशे किलोच्या शंभर लाद्या निघतात, म्हणजे १५ टन बर्फ. यंत्रणा अमोनियाची. कंडेन्सर लोखंडी असल्यामुळे त्यात खारं पाणी सोडता येत नाही. म्हणून कंडेन्सरमधून गोड्या पाण्याचा बंद लूप फिरतो आणि तो लूप टायटॅनियमच्या ४१ प्लेटच्या एक्स्चेंजरमध्ये खाडीच्या पाण्याने थंड होतो. खाडीचं पाणी तासाला साधारण २० हजार लिटर लागतं. तांब्याच्या मिश्रधातूवर समुद्री जीव कमी बसतात हे खरं, पण अमोनिया तांबं खातो. गळती झाली तर काय होईल या भीतीने तो रस्ता आम्ही पहिल्या दिवशीच सोडला.

समुद्री जीव बसू नयेत म्हणून मागचे दोन हंगाम खाडीच्या पाण्यात सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे हायपो, हे क्लोरीनचं औषध सोडत होतो. महिन्याला सात-आठ हजारांचं. ते बंद करून एक हंगाम कसा काढला, त्याच्या या नोंदी आहेत. काही नोंदींत पुढे काय झालं तेही नंतर जोडलं आहे. हेच काम कुणी करणार असेल तर आमच्या चुका तरी त्याच्या वाट्याला येऊ नयेत.

एक आकडा सगळीकडे येईल, त्याला मी नुसतं ‘फरक’ म्हणतो. एक्स्चेंजरमध्ये येणारं खाडीचं पाणी आणि थंड होऊन बाहेर पडणारं लूपचं पाणी यांच्या तापमानातलं अंतर. प्लेटी स्वच्छ असताना आणि पूर्ण भार असताना आमच्याकडे तो ३ अंश असतो. घाण बसली की वाढतो.

१२ जून २०२४

१ जूनपासून मासेमारी बंदी, फॅक्टरी बंद. एक्स्चेंजर उघडला. हंगामाच्या शेवटी फरक ७ अंशांवर गेला होता, हेड प्रेशर (कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचा दाब) २०५ वरून २३० पीएसआयवर, आणि खाडीच्या बाजूचा प्रेशर ड्रॉप (एक्स्चेंजरमधून जाताना पाण्याच्या दाबात होणारी घट, चौरस सेंटिमीटरला किलोमध्ये) अर्ध्या किलोवरून १.१ किलोवर. म्हणजे आत काय असेल याची कल्पना होती. तरी एवढं असेल असं वाटलं नव्हतं.

सगळ्या प्लेटींवर बोटाला बुळबुळीत लागणारा तपकिरी थर. पाणी जिथून शिरतं त्या पोर्टमध्ये शिनाण्यांचा (खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांचा) घड, सगळ्यात मोठं शिनाणं अंगठ्याएवढं. प्लेटींच्या वरच्या कोपऱ्यांत पांढऱ्या चुन्याच्या वेटोळ्या नळ्या, या नळ्यांत राहणाऱ्या किड्यांच्या. बार्नेकल (चुन्याच्या कवचाचे, कायमचे चिकटून बसणारे समुद्री जीव) मात्र प्लेटींवर थोडेच, गाळणीच्या भांड्यात खूप. प्लेटी, गाळणी आणि पाइपची पहिली काही फुटं मिळून ३१ किलो माल निघाला. बादल्या काट्यावर ठेवून मोजला, कारण पुढच्या वर्षी तुलना करायची तर ‘खूप घाण होती’ असं लिहून भागणार नाही.

हे सगळं हायपो चालू असताना! शिनाणं क्लोरीनची चाहूल लागताच शिंपली मिटून घेतं आणि कित्येक दिवस तसंच बसू शकतं. आम्ही रोज सकाळी दोन तास हायपो सोडायचो, बाकीचे बावीस तास ते तोंड उघडून खात होतं. चोवीस तास सोडलं असतं तर कदाचित मेलं असतं, पण मग आमच्या पाण्याच्या तोंडाशी दुसरंही काही जगलं नसतं.

१५ जून

प्लेटी साफ करताना दोन चुका. पहिली माझी: चुन्याच्या नळ्या निघेनात म्हणून खुरपं घेतलं आणि एका प्लेटीचं गॅस्केट कापलं. टायटॅनियमची प्लेट जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते, भोक पडलं नाही हे नशीब. दुसरी: आमच्या मदतनीस पोराने लोखंडी तारेचा ब्रश फिरवला, त्याचे कण प्लेटीवर अडकून दुसऱ्या दिवशी गंजाचे ठिपके दिसले. पुन्हा सगळं धुतलं.

चाललं ते असं: आधी प्रेशर वॉशरने बुळबुळीत थर, मग नायलॉनचा ब्रश, मग प्लेटी आडव्या ठेवून लिंबूसत्वाच्या पाण्यात चार तास. वीस लिटरला एक किलो. चुन्याच्या नळ्या फसफसून सुटतात. वापरलेलं पाणी खाण्याच्या सोड्याने मारून मगच ओतलं. दोन गॅस्केट बदलली, ३,८०० रुपये. तीन दिवस गेले.

१९ जून

हायपो का बंद केलं ते लिहून ठेवतो, कारण फॅक्टरीत यावर वाद झाला होता.

आमच्या पाण्याची बाहेर पडायची नळी जिथे सुटते तिथे खाली खडप, म्हणजे भरतीत बुडणारा खडक आहे. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, वाडीतल्या बायका तिथे कालवं काढायला बसतात. मार्चमध्ये शेजारच्या काकी म्हणाल्या, “पयली ह्या खडपार टोपलीभर कालवां गावत. आता चारय गावनत नाय.” त्यांनी आम्हाला दोष दिला नाही. कालवं कमी होण्याची कारणं अनेक असतील. पण नळीच्या तोंडापासून पंधरा-वीस पावलांत खडप उघडा पडला होता आणि त्यापुढे कालवं होती, हे मी स्वतः जाऊन पाहिलं.

दुसरं कारण फॅक्टरीतलं. हायपो आणि अमोनिया एकत्र आले तर क्लोरामाइनचा विषारी वायू होतो. आणि आम्ही हायपोचे कॅन कंप्रेसरच्या खोलीबाहेर, भिंतीला टेकून ठेवत होतो. हे कळल्यावर फॅक्टरीतल्या काकांनीच कॅन हलवायला सांगितले आणि वाद संपला.

२ जुलै

खाडीकडून येणारा ९० मीटरचा पाइप सांध्यांवर उघडला. ११० मिमी, एचडीपीई प्लॅस्टिकचा. आतून शिनाण्यांचा गालिचा. घालताना मोठा पाइप घातला होता, घर्षण कमी होईल, पंपाला त्रास नको म्हणून. हिशेब केला तर २० हजार लिटरला या पाइपात पाण्याचा वेग सेकंदाला पाऊण मीटर. एवढ्या संथ पाण्यात पिल्लू आरामात चिकटतं आणि दारात अन्न येत राहतं. शिनाणं पाळायचं असतं तर याहून चांगली सोय केली नसती.

७५ मिमीच्या पाइपात तेवढ्याच पाण्याचा वेग १.६ मीटर होतो. घर्षणाचा हेड सुमारे तीन मीटरनी वाढतो (पंपाला पाणी तीन मीटर आणखी वर चढवल्याएवढा जोर लागतो), म्हणजे दिवसाला आठेक युनिट जास्त. सगळं धरून नऊ रुपयांनी बहात्तर रुपये रोज. त्याउलट फरक चार अंशांनी वाढला की कंप्रेसर दहा टक्के तरी जास्त वीज खातो, आमच्याकडे रोजचे पाचशेच्या वर. पाइप बदलायचं ठरलं.

१८ जुलै

७५ मिमी पाइप टाकून झाला. पाइप २२,५००, जोडण्या ६,०००. पंप खाली जेटीच्या विहिरीत असल्यामुळे सक्शन, म्हणजे पंपाकडे पाणी ओढणारा पाइप, आखूड आहे, तो ११० चाच ठेवला. सक्शन बारीक केला तर पंप हवा धरेल. याची किंमत पुढे मोजावी लागली, पण त्याला पर्याय आजही दिसत नाही.

एक्स्चेंजरभोवती चार व्हॉल्व्ह बसवले (१२,८००), म्हणजे खाडीचं पाणी उलट दिशेने फिरवता येतं. रोज दहा मिनिटं उलटं.

प्लेटी बांधताना एका बाजूचे बोल्ट आधी आवळले, गॅस्केट सरकलं, पाणी गळलं. सोडून पुन्हा बांधल्या. चारही कोपऱ्यांत पट्टीने मोजत, तिरपे बोल्ट आळीपाळीने, प्लेटींच्या गठ्ठ्याची जाडी १४४ मिमी होईपर्यंत. नवीन माणसाला हे काम एकट्याने देऊ नये.

१ ऑगस्ट

बंदी उठली. फॅक्टरी चालू. फरक ३.०, ड्रॉप ०.५ किलो. खाडीला पूर, पाणी चहासारखं. खारटपणा हजारात बाराच्या आसपास, म्हणजे समुद्राच्या एक तृतीयांश. या दिवसांत शिनाणी-बार्नेकलची भीती कमी, गाळाची जास्त.

२१ ऑगस्ट

यूव्हीचा (अतिनील प्रकाशाचा) प्रयोग संपला. ओळखीच्या माणसाकडून पाणी शुद्धीकरणाचं मोठं यूव्ही युनिट भाड्याने आणलं होतं. कल्पना अशी की पाण्यातली पिल्लं आणि जंतू प्रकाशानेच मरतील, पाण्यात काही सोडायला नको. पण खाडीच्या गढूळ पाण्यात प्रकाश चार बोटंही जात नाही. आणि नवव्या दिवशी दिव्याभोवतीची काचेची नळीच बुळबुळीत झाली होती. जी वस्तू घाण थांबवायला आणली तिच्यावरच घाण. डिपॉझिटमधून कापलेले आणि भाडं धरून ११,००० गेले. स्वच्छ, गाळलेल्या पाण्यावर यूव्ही चालत असेल. खाडीवर नाही, निदान पावसाळ्यात नाही.

अल्ट्रासाउंडची, म्हणजे ध्वनिलहरींनी घाण बसू न देणाऱ्या यंत्राचीही चौकशी केली होती. किंमत ऐकून थांबलो.

१० सप्टेंबर

गणपतीत मुंबईहून आलेल्या चुलतभावाने एक साधी गोष्ट सुचवली आणि ती या वर्षातली सगळ्यात उपयोगी ठरली: पाण्यात काय आहे ते आधी बघ. पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे उभे चिरून, दोरीला बांधून, पंपाच्या विहिरीत सोडले. दर पंधरा दिवसांनी एक काढायचा आणि भिंगातून बघायचा. खर्च शून्य.

२४ सप्टेंबर

पहिला तुकडा: नुसता बुळबुळीत थर. शेजारी गेल्या हंगामातली जुनी दोरी लोंबत होती, तिच्यावर मात्र तिळाएवढी हिरवट शिनाण्यांची पिल्लं. शेकड्यांनी! दोरीचे तंतू त्यांना आवडतात हे शिनाण्यांची शेती करणारे सांगतातच. विहिरीतल्या सगळ्या जुन्या दोऱ्या, जाळ्याचे तुकडे, झावळ्या काढून टाकल्या. आपणच त्यांची रोपवाटिका सांभाळत होतो.

पाऊस ओसरतो, खारटपणा वाढतो, आणि शिनाण्याचं बी याच वेळी बसतं. पुढचे दोन महिने सांभाळायचे.

४ ऑक्टोबर

बी अडवायला डिस्क फिल्टर बसवले. आंबा-केळीच्या ठिबकला वापरतात तेच, तीन इंची, १३० मायक्रॉन, प्लॅस्टिकचे असल्यामुळे खाऱ्या पाण्याला चालतात. दोन नग १८,०००. चिकटायला तयार झालेलं शिनाण्याचं पिल्लू पाव मिलिमीटरच्या आसपास असतं, बार्नेकलचं त्याहून मोठं. म्हणजे १३० मायक्रॉनमध्ये दोन्ही अडकायला हवीत. जुनी ५ मिमीची जाळी फक्त पानं आणि पिशव्या अडवत होती.

पण परवा अमावास्या झाली, उधाण आहे. सुकतीच्या जोरात तळाचा गाळ उठतो. फिल्टर दर चाळीस मिनिटांनी तुंबतोय. काल रात्री ऑपरेटर एकटा होता, तो तीनदा धुऊन कंटाळला आणि त्याने फिल्टर बायपास केला. त्याला बोललो नाही. मी असतो तर मीही तेच केलं असतं.

१३ ऑक्टोबर

उपाय सापडला. सक्शनचं तोंड विहिरीच्या तळापासून दोन फुटांवर होतं. ते लवचिक होजला जोडून निळ्या प्लॅस्टिकच्या दोन ड्रमखाली टांगलं, पाण्याच्या पृष्ठभागापासून दीड मीटर खाली. भरती-ओहोटीबरोबर तोंड वरखाली होतं, गाळ खालून जातो. पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवू नये. तेल, फेस आणि कचरा येतो, आणि होडी गेली की लाटेबरोबर हवा शिरते. आमच्याकडे पहिल्या दिवशी शिरली, पंप तासभर कोरडा फिरला, सील गेलं.

आता भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत फिल्टर दिवसातून एकदा, उधाणात तीनदा धुवावा लागतो. दोन फिल्टर समांतर असल्यामुळे पाणी थांबत नाही. १७ तारखेच्या पौर्णिमेला खरी परीक्षा.

१९ ऑक्टोबर

पौर्णिमेचं उधाण निघालं. दिवसाला चारदा धुतले. बायपास एकदाही नाही. फरक ३.२.

६ नोव्हेंबर

ही नोंद लांब आहे, कारण या वर्षीचं सगळ्यात महत्त्वाचं शिक्षण इथे झालं.

दिवाळीला ३१ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर फॅक्टरी बंद होती. बंद करताना फरक ३.३. मी खाडीच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून घरी गेलो. एक्स्चेंजर आणि पाइप खाऱ्या पाण्याने भरलेले. मनात असं होतं की हवा-पाणी बंद, अन्न बंद, आत जे काही असेल ते गुदमरून मरेल.

४ तारखेला चालू केलं. पहिलं पाणी काळं आलं, सडलेल्या अंड्यांचा वास. फरक ४.६. चार दिवसांत १.३ अंश, तेही एक लादी न काढता! दोन दिवस उलटं पाणी फिरवून ४.१ पर्यंत उतरला, पुढे उतरेना. शेवटी गाळणीचं झाकण आणि पोर्टचा तुकडा उघडला. पाण्यातला बारीक गाळ थांबलेल्या पाण्यात खाली बसला होता आणि त्याला धरून बुळबुळीत थर जाड झाला होता. आणि त्या वासाच्या पाण्यातही पोर्टमधली बारीक शिनाणी जिवंत. सुईने टोचलं तर मिटत होती.

मग जुनी लॉगबुकं काढली. २०२३-२४ च्या हंगामात फरक कधी वाढला ते तारखांनी मांडलं. मी समजत होतो तो हळूहळू वाढतो. तसं नव्हतं. तो पायऱ्यांनी वाढला होता, आणि प्रत्येक पायरीच्या आधी फॅक्टरी बंद राहिली होती: गणपती, दिवाळी, वादळाची दोन दिवसांची सूचना, ट्रान्सफॉर्मर जळला ते तीन दिवस. चालू यंत्रात घाण येत होती थोडी. थांबलेल्या यंत्रात ती घर करत होती. दोन वर्षं मी चालू पाण्यात औषध ओतत होतो आणि थांबलेल्या पाण्याकडे पाहिलंच नव्हतं.

९ नोव्हेंबर

नवा नियम, कंप्रेसरच्या खोलीत पाटीवर लिहून लावला: चार तासांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर एक्स्चेंजर आणि वरचा पाइप रिकामा करायचा, गोड्या पाण्याने एकदा धुवायचा, आणि गोडं पाणी भरून ठेवायचं. एक्स्चेंजरची खाडीची बाजू आणि जवळचा पाइप मिळून शंभर लिटरच्या आत भागतं. त्यासाठी पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवलेली टाकी आहे. खालच्या पाइपासाठी नुसता ड्रेन, पाणी उताराने परत विहिरीत जातं.

वीज गेल्यावर रात्री दोन वाजता हे कोण करणार, हा काकांचा प्रश्न रास्त होता. ड्रेनचा व्हॉल्व्ह हाताशी, कमरेच्या उंचीवर आणला. आता वीस मिनिटांचं काम आहे. तळाशी, कंडेन्सरमागे होता तेव्हा कुणी केलं नसतं.

गोड्या पाण्याने मोठं शिनाणं मरत नाही, ते मिटून बसतं. मरतो तो बुळबुळीत थर आणि नुकतं चिकटलेलं बी. आम्हाला तेवढंच हवं आहे.

३ डिसेंबर

पाइप आतून पुसायला फोमचा बोळा. मोठ्या वीज केंद्रांत कंडेन्सरच्या नळ्यांतून स्पंजचे गोळे फिरवतात, त्यावरून सुचलं. प्लेटींतून गोळा जात नाही, पण पाइपातून जातो. गादीवाल्याकडून कडक फोम आणला, पाइपाच्या आतल्या ६६ मिमीपेक्षा थोडा जाड, ७२ मिमीचा दंडगोल कापला. पंपाजवळ टी जोडून आत ढकलला, वर एक्स्चेंजरच्या आधी टी काढून खाली टोपली.

बोळा निघालाच नाही. वरच्या चढावर मी आखूड एल्बो वापरला होता, त्यात अडकला. पंप जोर लावत राहिला, एक सांधा सुटला, फॅक्टरी दीड दिवस बंद. लाद्यांच्या चार रांगा वितळल्या, दोन ट्रॉलर दुसरीकडून बर्फ घेऊन गेले. एल्बो काढून लांब वळणाचा बेंड टाकला.

५ डिसेंबरला पुन्हा. तीन मिनिटांत टोपलीत. बोळ्याच्या तोंडाशी चिखल आणि तिळाएवढं बी, मूठभर. आता दर रविवारी एक. एक बोळा पाच-सहा वेळा चालतो, नवा वीस रुपयांत होतो.

१४ डिसेंबर

पोर्टमध्ये राहिलेली शिनाणी न उघडता मारायला गरम पाणी. आधी बादलीत करून पाहिलं: विहिरीच्या भिंतीवरची वेगवेगळ्या आकाराची पंचवीस शिनाणी ५० अंशांच्या पाण्यात अर्धा तास. एकही वाचलं नाही, सगळी उघडली आणि पुन्हा मिटली नाहीत.

मग दोनशे लिटरचा ड्रम, तीन किलोवॉटचे दोन हीटर, छोटा पंप. ६० अंशांपर्यंत तापवायला सव्वा तास, साडेसात युनिट. लूप बंद, कंप्रेसर बंद, आणि ते पाणी एक्स्चेंजरमधून चाळीस मिनिटं फिरवायचं. परतीचं पाणी ५० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. पाणी गोडं असल्यामुळे उष्णता आणि गोडेपणा दोन्हीचा मारा बसतो. झाल्यावर पाणी ड्रममध्येच निवू देतो, पुढच्या वेळी गाळून तेच. खाडीत गरम पाणी सोडत नाही.

चूक: ड्रमपासून एक्स्चेंजरपर्यंत यूपीव्हीसी पाइप होता. पंधराव्या मिनिटाला एल्बो मऊ पडून वाकला, गरम पाणी पायावर. जाड बूट होते म्हणून निभावलं. गरम पाणी सोसणारा सीपीव्हीसी पाइप वापरा, सुरुवातीपासूनच. सगळं मिळून १४,०००.

यानंतर पोर्टमधून रिकाम्या शिंपल्या चार दिवस फिल्टरच्या पुढच्या जाळीत येत होत्या. मेलेली शिनाणीही सुटून प्लेटींच्या फटीत अडकू शकतात, म्हणून गरम पाण्यानंतर आधी उलटं पाणी, मगच सरळ. महिन्यातून दोनदा पुरतं.

२८ डिसेंबर

फरक ३.४. सगळं ठीक.

२५ जानेवारी २०२५

मासळी कमी, बोटी कमी, निम्म्या भाराने चालू आहे. फरक २.० दिसतोय. आनंदाने लॉगबुकात लिहिला.

११ फेब्रुवारी

तो आनंद चुकीचा होता. या आठवड्यात भार पूर्ण झाला आणि फरक एकदम ५.२.

दोन गोष्टी घडल्या होत्या. एक, निम्म्या भाराला फरक आपोआप निम्मा होतो. म्हणजे २.० हा स्वच्छ प्लेटींचा आकडा नव्हताच, तो दीडच असायला हवा होता. मी वेगवेगळ्या भाराचे आकडे शेजारी ठेवून तुलना करत होतो. आता प्रत्येक नोंदीबरोबर लूपचं येणारं आणि जाणारं तापमान लिहितो आणि पूर्ण भाराचा हिशेब करूनच फरक मांडतो.

दोन, निम्म्या भाराला हेड प्रेशर १६० वर आलं. एवढ्या खाली गेलं की एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून अमोनिया नीट जात नाही, म्हणून ऑपरेटरने खाडीच्या पाण्याचा व्हॉल्व्ह चेपला. त्याच्या शिक्षणाप्रमाणे ते बरोबर होतं. पण पाणी निम्मं केलं म्हणजे पाइपातला वेगही निम्मा, जुन्या पाइपाएवढाच. तीन आठवडे. रविवारच्या बोळ्याबरोबर आलेला ऐवज पाहूनच मला शंका यायला हवी होती, मसुराएवढी शिनाणी होती.

खाडीच्या व्हॉल्व्हचं हँडल काढून घेतलं. तो एक तर पूर्ण उघडा, नाही तर बंद करून रिकामा. हेड प्रेशर सांभाळायचं तर लूपच्या बाजूला बायपास आहे, थोडं गोडं पाणी एक्स्चेंजरला वळसा घालून परत जातं. हे व्हॉल्व्ह आमच्याकडे आधीपासून होते, कुणी वापरले नव्हते.

गरम पाणी आठवड्यात दोनदा, बोळा तीनदा. २० तारखेपर्यंत फरक ३.९. त्याखाली येत नाही. या तीन आठवड्यांचे दागिने जूनपर्यंत अंगावर राहणार.

१९ मार्च

शिमग्याला १३ पासून पाच दिवस बंद. या वेळी रिकामं करून, धुऊन, गोडं पाणी भरून गेलो. काल चालू केलं. पहिलं पाणी स्वच्छ, वास नाही. बंद करताना फरक ३.९, चालू केल्यावर ३.८.

दिवाळीचे चार दिवस आणि शिमग्याचे पाच दिवस. मध्ये फक्त शंभर लिटर गोडं पाणी आणि वीस मिनिटं.

२२ एप्रिल

गोड्या पाण्याची टंचाई. वाडीत टँकर येतो तेव्हा आम्ही एक्स्चेंजर धुवायला गोडं पाणी वापरणं मनाला पटत नाही. एक्स्चेंजरमधून काढलेलं पाणी आता परत ड्रममध्ये घेतो, तेच फिरवतो. थोडं खारट झालंय, पण हंगाम निघेल. पुढच्या वर्षी पावसाच्या पाण्याची आणखी एक टाकी.

पीव्हीसीच्या तुकड्यांवर या महिन्यात बार्नेकल दाट आहेत. फिल्टर त्यांना अडवतोय, एक्स्चेंजरच्या गाळणीत मोजून सात सापडले.

२७ मे

यंदा पाऊस २५ तारखेलाच कोकणात पोहोचला, त्याआधीही आठवडाभर झोडपत होता. बोटी आधीच परतल्या, हंगाम संपला. शेवटचा फरक ४.०, ड्रॉप ०.६ किलो.

३० मे

उघडलं. प्लेटी, गाळणी, पाइपची तीच फुटं, त्याच बादल्या, तोच काटा: ३.४ किलो. गेल्या वर्षी ३१.

प्लेटींवर पातळ थर, बोटाने निघतो. पोर्टजवळच्या पहिल्या सहा प्लेटींवर चुन्याच्या नळ्या आहेत, त्या लिंबूसत्वात टाकल्या. शिनाणी प्लेटींत एकही नाही. पाइप आतून काळा, गुळगुळीत. सक्शनची होज आणि फूट व्हॉल्व्ह मात्र शिनाण्यांनी भरलेले, वेगळे मोजले तर ९ किलो. तिथे वेग नाही, बोळा जात नाही, गरम पाणी पोहोचत नाही. ऑगस्टपासून दोन होज ठेवायच्या, महिन्याआड बदलायच्या, काढलेली उन्हात वाळवायची.

एकूण खर्च ८८,१०० रुपये, त्यात यूव्हीचे ११,००० पाण्यात. पंपाचं सील आणि बंद राहिलेला दीड दिवस यात धरलेला नाही. हायपोचा खर्च शून्य.

सुकतीला खाली खडपावर गेलो होतो. नळीच्या तोंडाजवळच्या उघड्या पट्ट्यात नखाएवढी कालवं बसली आहेत. मोठी व्हायला वेळ लागेल. दोन हात लांबी-रुंदीचा चौकोन खडूने आखून त्यातली मोजली: ४३. पुढच्या मे महिन्यात तोच चौकोन पुन्हा मोजायचा आहे, खडू पावसात टिकणार नाही म्हणून कोपऱ्यांवर छिन्नीने चार खुणा केल्या.